अडकलेलं पिस्तूल आधी वाचा, मग उघडा : .२२ स्पोर्ट पिस्तुलातले बिघाड कसे शोधायचे

रॅपिडची मालिका (दर हिरव्या दिव्याला एक, असे पाच शॉट) चालू होती. हिरवा दिवा लागला, मुलीने हात वर आणला, चाप ओढला आणि नुसतं ‘खट्’ झालं. तिने क्षणात बोल्ट (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भाग) मागे खेचला, आतलं काहीतरी टेबलाखाली घरंगळत गेलं, बोल्ट सोडला आणि पुढचा शॉट मारला. सराव होता, म्हणून चाललं.

“सर, परत अडकलं. या आठवड्यात पाचव्यांदा.”

“काय अडकलं होतं? भरलेलं काडतूस की रिकामी पुंगळी?”

“ते बघितलं नाही.”

हा लेख त्या ‘बघितलं नाही’साठी आहे. पिस्तूल बंद पडतं त्या क्षणी ते स्वतःच आपला आजार सांगत असतं. बोल्ट कुठे थांबला, काडतुसाचं नाक कुठे वळलं, पुंगळी कशी उभी राहिली, यात अर्धं निदान होऊन जातं. आपण मात्र घाईने बोल्ट ओढतो, पुरावा पुसतो आणि मग महिनाभर स्प्रिंगा बदलत बसतो.

इथे मी २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल प्रकारातल्या .२२ लाँग रायफल काडतुसाच्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाबद्दल लिहितोय. आपल्याकडच्या रेंजवर पार्दिनी, वॉल्थर, हॅमर्ली, मोरिनी अशी पिस्तुलं दिसतात. रचना थोडीफार वेगळी असली तरी दुखणी बरीचशी सारखीच.

आधी हे पाळा

नळी कायम टार्गेटकडे. बोट चापाबाहेर. ‘खट्’ झालं आणि गोळी सुटली नाही, तर पिस्तूल त्याच दिशेने धरून किमान ३० सेकंद थांबा. दारू कधीकधी उशिरा पेटते आणि तेव्हा बोल्ट उघडा असेल तर पुंगळी तुमच्या तोंडापाशी फुटते. पिस्तूल खोलण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघा, करंगळीनेही चाचपा आणि नारिंगी सेफ्टी फ्लॅग घाला. साफसफाईच्या टेबलावर काडतुसांचा डबा नको.

दुसरी गोष्ट कायद्याची. आर्म्स ॲक्ट, १९५९ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायाला वेगळा परवाना लागतो. साफसफाई, तेल, मॅगझिन, आणि मॅन्युअलमध्ये वापरणाऱ्याने बदलायचे म्हणून दिलेले भाग, इथपर्यंत आपली हद्द. चापाची यंत्रणा, सिअर (चाप ओढेपर्यंत हातोडी अडवून धरणारा खटका), नळी, चेंबर यांना कानस किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही. ते काम परवानाधारक गनस्मिथचं.

हे यंत्र चालतं कसं

.२२ च्या पिस्तुलात बोल्टला कुलूप नसतं. गोळी पुढे जाते तेव्हा तोच दाब पुंगळीच्या बुडावर मागे ढकलतो, पुंगळी बोल्टला ढकलते, बोल्ट स्प्रिंग दाबत मागे जातो, पुंगळी बाहेर फेकतो, परत येताना नवं काडतूस चेंबरमध्ये लोटतो. सगळा खेळ तीन गोष्टींच्या तोलावर चालतो: काडतुसाचा जोर, बोल्टचं वजन आणि स्प्रिंगचा ताण. त्यात मळाने घर्षण वाढवलं की तोल ढळतो.

काडतूसही समजून घ्या. साधारण २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, वर मेणाचा किंवा चरबीचा थर. पेटवणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसतो, कडेच्या पोकळ रिममध्ये असतो. म्हणून फायरिंग पिन कडेवर आपटते. मऊ शिसं, चिकट मेण, जळून उरलेली दारू आणि बाहेर आलेली रिम, या चौघांमुळे .२२ हे मोठ्या बोअरच्या मानाने मुळातच नाजूक काडतूस आहे. तुमचं पिस्तूल वाईट आहे असं ठरवण्याआधी हे ध्यानात असू द्या.

वहीपासून सुरुवात

पहिलं काम साधं आहे. प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक टाका. पर्मनंट मार्करने तळाला १, २, ३, ४. एक छोटी वही ठेवा आणि प्रत्येक बिघाडाला पाच नोंदी करा: मॅगझिन कोणतं, पाचातला कितवा शॉट, काडतुसाचा लॉट (कारखान्यातली तुकडी) कोणता, शेवटच्या साफसफाईनंतर किती फैरी झाल्या आणि पिस्तूल कोणत्या अवस्थेत थांबलं. शेवटच्या नोंदीसाठी सरावात मोबाइलने फोटो काढायला हरकत नाही, पिस्तूल टार्गेटच्या दिशेला ठेवून आणि रेंज ऑफिसरला सांगून.

दुसरं काम, एका वेळी एकच गोष्ट बदला. काडतूस बदललं तर मॅगझिन तेच ठेवा. साफसफाई केली तर काडतूस तेच ठेवा. मी स्वतः एकदा तीन आठवडे घालवलेत. रिकॉइल स्प्रिंग (बोल्टला परत पुढे आणणारी) बदलली, एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढून काढणारी नखी) बदलला, दोन प्रकारची काडतुसं आणली, कधी थोडं बरं व्हायचं, कधी पुन्हा तेच. शेवटी क्रमांक टाकले तेव्हा कळलं, सगळे बिघाड तिसऱ्या मॅगझिनचे. ते कधीतरी सिमेंटच्या फरशीवर पडलं होतं आणि उजवा ओठ (मॅगझिनच्या तोंडाची, काडतूस धरून ठेवणारी कड) नखभर आत वळला होता. त्या दिवसापासून माझा क्रम ठरला आहे: आधी मॅगझिन, मग मळ, मग काडतूस, मग हात आणि सगळ्यांत शेवटी पिस्तूल.

काडतूस आत गेलंच नाही

ही सगळ्यांत नेहमीची तक्रार, म्हणून इथे थोडं थांबू. बोल्ट अर्धवट पुढे येऊन थांबलाय आणि काडतूस वाकडं अडकलंय. त्याचं नाक कुठे आहे ते बघा.

नाक खाली, मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर आपटलंय आणि शिसं चेमटलंय? मग काडतुसाला वर यायला उशीर होतोय. मॅगझिनची स्प्रिंग थकली असेल, नाहीतर आतला फॉलोअर (काडतुसांना वर ढकलणारा तुकडा) मेणाने आणि काजळीने चिकटत असेल. रिकाम्या मॅगझिनचा फॉलोअर अंगठ्याने खाली दाबून हळूच सोडा. तो तुमच्या अंगठ्यामागे सरळ, न अडखळता वर आला पाहिजे. मध्ये रेंगाळला तर मॅगझिन उघडा, सुती कपड्याने आतून पुसा, कोरडं ठेवा. मॅगझिनला आतून तेल लावू नका. त्यावर धूळ बसून लापशी होते, आणि तेल काडतुसांपर्यंत पोचतं ते वेगळंच.

नाक वर, चेंबरच्या वरच्या कडेला टेकलंय? मग ओठांकडे बघा. दोन्ही ओठ काडतुसाला सारख्याच जागी सोडतात का? चांगल्या मॅगझिनशेजारी संशयित मॅगझिन ठेवून, दोन्हींत एकेक डमी काडतूस भरून समोरून बघा. फरक डोळ्यांना दिसतो. ओठ पक्कडीने सरळ करायचा मोह होईल. माझं मत स्पष्ट आहे: सामन्याचं मॅगझिन असेल तर ते बाद करा आणि नवं घ्या. वाकवून सरळ केलेला ओठ पुन्हा कधी दगा देईल, सांगता येत नाही. ते मॅगझिन सरावालासुद्धा ठेवू नका, कारण गडबडीत तेच पेटीतून हातात येतं.

पाचातल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या काडतुसाला सगळं जागीच ठप्प, बोल्ट ढकलूनही हलत नाही? रिम एकमेकींत अडकल्या आहेत. .२२ ची रिम अंगाबाहेर येते. वरच्या काडतुसाची रिम खालच्या रिमच्या मागे बसली, तर वरचं काडतूस पुढे सरकताना खालच्यालाही ओढतं. उपाय भरण्याच्या पद्धतीत आहे. प्रत्येक काडतूस भरताना त्याची रिम खालच्या रिमच्या पुढे येईल असं बघा. मॅगझिन हातावर आपटून ‘बसवायची’ सवय अनेकांना असते. .२२ च्या बाबतीत ती सोडा.

आणि नाक बरोबर चेंबरमध्ये शिरलंय, पण बोल्ट शेवटचा एखादा मिलिमीटर मिटत नाही? हे मॅगझिनचं दुखणं नव्हे. चेंबरच्या तोंडाशी शिसं, मेण आणि काजळी यांचं कडं तयार झालंय. साफसफाईने जातं.

‘खट्’ झालं, पण उडाली नाही

३० सेकंद थांबलात, काडतूस बाहेर काढलंत. आता रिमवरची पिनची खूण बघा. याच पिस्तुलातून नीट उडालेली एक पुंगळी शेजारी धरा आणि दोन खुणांची तुलना करा.

खूण तितकीच खोल असेल, तर पिस्तुलाने आपलं काम केलं. कारखान्यात मसाला रिममध्ये फिरवून पसरवतात. एखाद्या काडतुसात रिमचा तेवढाच तुकडा कोरडा राहतो. शंभरात क्वचित एखादं असं निघालं तर लॉटची नोंद करून पुढे जा. एकाच डब्यात तीन-चार निघाली तर तो लॉट सामन्याला नको.

खूण उथळ असेल तर पिस्तुलाकडे वळा. आपल्याकडे याचं पहिलं कारण तेल असतं. फायरिंग पिनच्या भोकात कुणीतरी प्रेमाने तेल सोडलेलं असतं, त्यात काजळी मिसळून चिकटा होतो आणि पिन मधात बुडाल्यासारखी पुढे जाते. ती जागा धुऊन जवळजवळ कोरडी ठेवायची असते. इथे खोबरेल तेलाचा विषय काढावाच लागेल, कारण घरात शिवणयंत्रापासून कडीकोयंड्यापर्यंत ते वापरायची आपली रीत आहे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी ७ वाजता रेंजवर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. शस्त्रांचं पातळ खनिज तेलच वापरा.

तिसरी शक्यता फसवी आहे. खूण उथळ आहे, तेच काडतूस रेंज ऑफिसरच्या परवानगीने पुन्हा भरलं तर उडतं. मग पिनवर लगेच आळ घेऊ नका. पहिल्या वेळी काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसलं नव्हतं आणि पिनचा फटका ते पुढे ढकलण्यातच खर्च झाला. म्हणजे पुन्हा चेंबरमधला तोच मळ. यामुळे मी मिसफायरची तक्रार घेऊन येणाऱ्याला आधी विचारतो, शेवटचं चेंबर कधी घासलंस?

कोरडा सरावही इथे येतो. रिकाम्या चेंबरवर चाप ओढताना पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते, तिथे पोलादाला बारीकसा ठोसा बसतो आणि कड आत उठते. मग काडतूस घट्ट बसतं, पुंगळी अडकते. तुमच्या पिस्तुलाला ड्राय-फायरची सोय असेल तर तीच वापरा, नसेल तर प्लॅस्टिकचं डमी काडतूस. उठलेली कड दिसली तर गनस्मिथ, दुसरा मार्ग नाही.

पुंगळी बाहेर आली नाही, किंवा उभी राहिली

पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि मागून दुसरं काडतूस येऊन तिला धडकलं, ही एक तऱ्हा. इथे बहुतेक जण एक्स्ट्रॅक्टर दोषी धरतात. पण वर सांगितलेली रचना आठवा: उडालेली पुंगळी मुख्यतः दाबानेच मागे येते, एक्स्ट्रॅक्टरची नखी तिला धरून दिशा देते. न उडालेलं काडतूस मात्र एक्स्ट्रॅक्टरलाच ओढून काढावं लागतं. तेव्हा साधी परीक्षा अशी: चेंबरमध्ये डमी काडतूस घालून बोल्ट हाताने ओढा, दहा वेळा. डमी दहाही वेळा बाहेर आलं आणि तरी शूटिंगमध्ये पुंगळ्या अडकतात, तर चेंबर मळलंय किंवा खरवडलंय. डमीच मागे राहतं, तर नखी झिजलीय, तुटलीय, किंवा तिच्या खोबणीत काजळी भरून ती पूर्ण मिटत नाही. लाकडी दातकोरणीने ती खोबण कोरून बघा. किती घाण निघते ते पाहून नवे शूटर चकित होतात.

दुसरी तऱ्हा म्हणजे पुंगळी खिडकीत उभी, चिमणीसारखी. ती बाहेर पडायच्या बेतात होती, पण बोल्टने पुरेसा मागचा प्रवास केला नाही किंवा फार लवकर परतला. आता बोल्टला कोण अडवतंय ते शोधा. काडतूस मवाळ आहे का? स्टँडर्ड वेगाची .२२ गोळी सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर जाते. पिस्तुलासाठी खास बनवलेली काही काडतुसं याहून मवाळ असतात आणि प्रत्येक पिस्तूल ती पचवतंच असं नाही. उलट्या टोकाला, जास्त जोराची हाय-व्हेलॉसिटी काडतुसं घालून बोल्टला ‘उठवू’ नका. ती सुमारे ३८० मीटर वेगाची असतात, स्पोर्ट पिस्तुलाचा बोल्ट आणि बफर मार खातो. बोल्टमागचा रबरी किंवा प्लॅस्टिकचा बफर चुरा होऊन त्याचे तुकडे खोबणीत अडकलेले मी पाहिलेत, तोही बोल्ट अडायचा एक प्रकार. आणि आपला अंगठा. तो बोल्टला किंवा स्लाइडला घासतोय का, हे मित्राला बाजूने स्लो-मोशन व्हिडिओ काढायला सांगून बघा. हलक्या पिस्तुलात मनगट सैल सुटलं तरी हेच होतं, कारण बोल्ट मागे येताना अख्खं पिस्तूलच त्याच्याबरोबर मागे येतं.

ज्या पिस्तुलांचं मॅगझिन ग्रिपमध्ये बसतं, त्यांच्या लाकडी ग्रिप पावसाळ्यात फुगतात आणि मॅगझिन घासू लागतं, कधी पूर्ण वर बसतच नाही. जुलैमध्ये अचानक सुरू झालेल्या आणि ऑक्टोबरात आपोआप थांबलेल्या तक्रारीचं मूळ इथे सापडतं.

शेवटच्या गोळीनंतर बोल्ट उघडा राहत नाही, ही तक्रार बहुधा याच कुळातली. एकाच मॅगझिनला होत असेल तर फॉलोअर, सगळ्यांना होत असेल तर बोल्टचा अपुरा प्रवास.

इथे लगेच थांबा

आवाज दबका आला, धक्का जवळजवळ नाही, टार्गेटवर भोक नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढचा शॉट मारलात तर नळी फुगते किंवा फाटते. मॅगझिन काढा, पिस्तूल रिकामं करा, नळीतून मागून उजेड दिसतो का ते बघा. अडकलेली गोळी काढण्याचं काम जाणकाराकडे द्या. घरी खिळा-हातोडा घेऊन बसलात तर नळी कामातून जाते.

एकदा चाप ओढल्यावर दोन गोळ्या सुटल्या, किंवा बोल्ट मिटतानाच गोळी सुटली, तर त्या दिवसाचं शूटिंग संपलं. ‘एकदाच झालं’ म्हणून पुढे जाऊ नका. चाप हलका करण्याच्या नादात हे फार होतं. २५ मीटर पिस्तूल प्रकारात चाप किमान १००० ग्रॅमचा लागतो, तो सिअर घासून नव्हे, मॅन्युअलमधल्या स्क्रूनेच जुळवा.

साफसफाई, मोजकी पण नेमाने

दर सरावानंतर बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टरची नखी आणि चेंबरचं तोंड पुसा. पाच मिनिटांचं काम. माझ्या अनुभवात दर ३०० ते ५०० फैरींना चेंबर नीट घासावं लागतं: पितळी किंवा ब्राँझचा ब्रश, दोन थेंब सॉल्व्हंट, दहा मिनिटं मुरू द्यायचं, मग ब्रश चेंबरपुरताच घालून फिरवायचा. नळी मात्र इतक्यांदा घासायची गरज नसते, फेल्टचे बोळे पुरतात, तेही शक्यतो चेंबरकडून तोंडाकडे. पोलादी ब्रश नकोच. बोल्टच्या सरकवाटांना तेलाचा एकेक थेंब, बोटाने पसरून. शूटिंगआधी नळी आणि चेंबर कोरडे.

मुंबई-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत पिस्तूल फोमच्या पेटीत महिनाभर बंद ठेवू नका, फोम ओल धरतो. काडतुसं सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, मूळ खोक्यासकट ठेवा, म्हणजे लॉट नंबर हरवत नाही. नंतर हात साबणाने आणि गार पाण्याने धुवा, डबा खाण्याआधी तर नक्कीच. हे शिसं आहे.

सामन्यात मात्र हात लावायचा नाही

आतापर्यंत सांगितलेलं सगळं सरावासाठी. सामन्यात पिस्तूल बंद पडलं की ते टार्गेटकडे धरा, पकड सोडू नका, रिकामा हात वर करा आणि रेंज ऑफिसरची वाट बघा. तुम्ही स्वतः बोल्ट, यंत्रणा किंवा सेफ्टीला हात लावला की खरा बिघाडही आंतरराष्ट्रीय नियमांत अमान्य ठरतो आणि न सुटलेल्या गोळ्यांचे गुण जातात. सेफ्टी काढायची राहिली, काडतुसं कमी भरली, मॅगझिन नीट बसलं नव्हतं, चाप पुरता सोडला नव्हता, ही सगळी तुमची चूक धरतात. न उडालेलं काडतूस, न निघालेली पुंगळी, तुटलेली पिन, हे मान्य. मान्य झाल्यावर पिस्तूल दुरुस्त करायला किंवा बदलायला १५ मिनिटं मिळतात.

ती १५ मिनिटं पेटीच्या जोरावर निघतात: जोडीची रिकॉइल स्प्रिंग, फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, बफर, दोन तपासलेली जादा मॅगझिनं, ब्रश, दातकोरणी, मॅन्युअलची छापील प्रत. २०२१ मध्ये टोकियोत पात्रता फेरीच्या मधोमध मनू भाकरचं एअर पिस्तूल बिघडलं, मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी २ गुणांनी हुकली. तो प्रकार वेगळा, यंत्र वेगळं, पण घड्याळ सगळ्यांना सारखंच. त्याआधी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण दोन शूट-ऑफनंतर (बरोबरी सोडवणाऱ्या जादा मालिकांनंतर) जिंकलं. अंतिम फेरीनंतर तसल्या दोन मालिका ज्या पिस्तुलाला मारायच्या असतात, त्याचं चेंबर आदल्या रात्री कुणीतरी घासलेलं असावं लागतं.

आपल्या त्या मुलीच्या वहीत दोन आठवड्यांत सात नोंदी झाल्या. मॅगझिनं वेगवेगळी, लॉट दोन, खुणा सगळ्या उथळ, आणि सातही वेळा साफसफाईनंतर ६०० च्या वर फैरी झालेल्या. तिने चेंबर घासलं, पिनची जागा कोरडी केली. पुढच्या ३०० फैरींत नोंद नाही. आता ती ४५० ला घासते, आणि तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहिते.